घोडा लंगडतो, तेव्हा दुखते कुठे?

घोड्यांच्या बाजारातील एक रीत फार जुनी आहे. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, खूर उचलून पाहते, पायांवरून हात फिरवते आणि शेवटी मालकाला म्हणते, 'जरा चालवून दाखवा.' पुढच्या पंधरा-वीस पावलांत व्यवहार ठरतो किंवा मोडतो. घोड्याची सारी किंमत त्याच्या चार पायांवर उभी असते आणि त्या पायांत काही बिघडले असेल तर ते सांगायला घोड्याला वाचा नसते. उलट, कळपात राहणारा आणि पळून जीव वाचवणारा हा प्राणी आपले दुखणे शक्य तितके झाकून ठेवतो. रानात ज्याचे लंगडणे दिसते, त्याचीच शिकार आधी होते.

म्हणून 'घोडा लंगडतो आहे' हे निदान नसते. तिथून प्रश्नाला सुरुवात होते. दुखते नेमके कुठे? खुरात, सांध्यात, हाडात, की आणखी कुठे? या एका प्रश्नाचा भारतातील इतिहास दोन हजार वर्षांहून मोठा आहे. त्यात ग्रंथ आहेत, साम्राज्यांच्या गरजा आहेत, चुकलेले तर्क आहेत आणि उत्तर हाताशी असूनही शतकभर न दिसल्याची एक विलक्षण कथाही आहे.

मराठीत घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत. हा शब्द शालिहोत्र या नावावरून आला. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून परंपरा ज्याला मानते, त्या ऋषीचे हे नाव. पुढे ते व्यक्तीचे न राहता शास्त्राचेच नाव झाले आणि लोकांच्या तोंडी ते त्या शास्त्रावर पोट भरणाऱ्या माणसाचे नाव झाले. शालिहोत्राच्या परंपरेत जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आणि नकुलाच्या नावावर असलेले 'अश्वचिकित्सित' हे ग्रंथ येतात. हे दोन्ही ग्रंथ 1887 साली कोलकात्याहून छापून प्रसिद्ध झाले. नकुलाच्याच नावावरील 'अश्वशास्त्रा'ची सचित्र आवृत्ती 1952 मध्ये तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने काढली. भोसले घराण्यातील सरफोजीराजांनी वाढवलेल्या या ग्रंथसंग्रहात घोड्यांची विद्या जपली जावी, हे स्वाभाविकच होते.

या विद्येला राज्यव्यवस्थेची जोड होती. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त अश्वाध्यक्ष या अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्रत्येक घोड्याची नोंद ठेवणे आणि व्यंग असलेल्या व आजारी घोड्यांची माहिती वर कळवणे हे त्याचे काम. वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र अशा चालींची तेथे वर्गवारी आहे. घोड्याच्या वैद्यावर तर आजच्या काळातही कडक वाटावी अशी जबाबदारी टाकलेली आहे. उपचारातील हयगयीमुळे रोग बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड होई आणि त्याच दोषापायी प्राणी हातचा गेला तर त्याच्या किमतीइतका. चाल ओळखणे, नोंद ठेवणे आणि चुकीची किंमत मोजणे या तिन्ही गोष्टी त्या व्यवस्थेला ठाऊक होत्या.

मध्ययुगात ही विद्या संस्कृतातून फारसीत गेली आणि तिला 'फरसनामा' हे नवे रूप मिळाले. शाहजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोजजंगाच्या नावे झालेल्या अशाच एका फारसी ग्रंथाचे जोसेफ अर्ल्स याने इंग्रजी भाषांतर केले आणि 1788 साली ते कोलकात्यात छापले गेले. त्याच्या नावातही 'सालोतर' हा शब्द तसाच ठेवलेला आहे. उर्दू कवी सआदत यार खान 'रंगीन' यानेही एक फरसनामा रचला. गझला आणि रेख्ती लिहिणाऱ्या कवीने घोड्यांच्या दोषांवरही लिहावे, यात त्या काळाला काहीच वावगे वाटले नाही.

या परंपरेची खरी श्रीमंती तिच्या शब्दांत दिसते. मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याशी हाडाची टणक गाठ आली तर तो 'हड्डा'. त्याच सांध्यात पाणी भरून मऊ फुगवटा आला तर तो 'मोतरा'. खुराच्या वर हाडाचे कडे वाढले तर ती 'चकावल'. आजचे शास्त्र पहिल्या आणि तिसऱ्या विकाराला सांध्याच्या झिजेतून वाढलेले हाड म्हणेल आणि दुसऱ्याला सांध्यातील वंगणद्रवाचा साठा म्हणेल. क्ष-किरण नव्हते, सूक्ष्मदर्शक नव्हता, तरीही बोटांच्या स्पर्शाने केलेले टणक आणि मऊ यांतील हे वर्गीकरण आजही टिकते. मात्र त्याची मर्यादाही तिथेच होती. जे हाताला लागत नाही, त्याला नाव नव्हते.

घोड्याचा पाय हे यंत्र समजून घेतले की ही मर्यादा किती मोठी होती ते कळते. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, तो प्रत्यक्षात मनगटाचा सांधा असतो. मागच्या पायाचा उलटा वाकलेला दिसणारा सांधा हा घोटा असतो. म्हणजे घोडा एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. साडेचारशे-पाचशे किलोचे हे शरीर उभे असताना सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर पडतो. भरधाव दौडीत तर एका पुढच्या पायावर क्षणभर संपूर्ण शरीराच्या वजनाच्या अडीचपट बल येते. ते बल पेलणारे सांध्यांचे पृष्ठभाग लहान असतात, त्यांच्यावरची कूर्चा काही मिलिमीटरही जाड नसते आणि तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. एकदा झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. शिवाय खुराच्या कठीण कवचाआड होडीच्या आकाराचे एक छोटेसे हाड दडलेले असते. त्याच्या मागून जाणारा स्नायुबंध प्रत्येक पावलाला त्यावर घासतो. ते हाड दुखू लागले तर बाहेरून सूज दिसत नाही, गाठ लागत नाही. घोडा फक्त आखूड पावले टाकू लागतो.

या दडलेल्या दुखण्याचा मागोवा घेणाऱ्या पिढीतला एक माणूस 1808 साली बिहारमध्ये येऊन पोहोचला. विल्यम मूरक्रॉफ्ट हा मूळचा शल्यवैद्यकाचा विद्यार्थी. फ्रान्समधील लियों येथे जाऊन तो पशुवैद्यक शिकला आणि ते रीतसर शिकलेला पहिला इंग्रज ठरला. लंडनमध्ये त्याचा व्यवसाय उत्तम चालला होता. घोड्याच्या लंगडण्याचे मूळ बहुधा नाल ठोकण्याच्या चुकीच्या पद्धतीत असते, या विचाराने त्याने यंत्राने नाल बनवण्याची पेटंटे घेतली आणि त्यात पैसा गमावला. 1800 साली त्याने नाल ठोकण्याच्या निरनिराळ्या पद्धतींवर पुस्तकही लिहिले. ईस्ट इंडिया कंपनीला घोडदळासाठी चांगले घोडे हवे होते. त्यासाठी पुसा येथे उभारलेल्या पैदासकेंद्राचा कारभार मूरक्रॉफ्टकडे सोपवण्यात आला.

खुरातील त्या छोट्या हाडाच्या आजारावर त्या काळात एक शस्त्रक्रिया पुढे आली. खुराकडे जाणारी संवेदनेची नस कापून टाकायची, म्हणजे वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि घोडा पुन्हा सरळ चालू लागतो. ती प्रचारात आणण्याचे श्रेय लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विल्यम सीवेल याला दिले जाते. तिच्या आरंभाशी मूरक्रॉफ्टचेही नाव जोडलेले आहे. या उपचारातील पेच सूक्ष्म आहे. नस कापल्याने आजार बरा होत नाही, फक्त त्याची वार्ता थांबते. घोडा धावतो, पण झिजलेले हाड झिजतच राहते. खुरात खिळा रुतला तरी त्याला कळत नाही. मालकाच्या दृष्टीने लंगडेपणा संपलेला असतो. घोड्याच्या दृष्टीने काय संपलेले असते, हा प्रश्न त्या काळी फारसा विचारला गेला नाही.

पुसात मूरक्रॉफ्टने वेगळेही काही केले. घोड्यांच्या आहाराकडे त्याने लक्ष वळवले आणि तेथे ओटची लागवड सुरू केली. पायाचे दुखणे गव्हाणीत शोधायला हवे, ही दृष्टी किती महत्त्वाची होती ते पुढे शंभर वर्षांनी स्पष्ट झाले. स्वतः मूरक्रॉफ्ट मात्र उत्तम वाणाच्या घोड्यांच्या शोधात हिमालय ओलांडून लडाखमार्गे बुखाऱ्यापर्यंत गेला आणि परतीच्या वाटेवर 1825 साली आजच्या अफगाणिस्तानातील अंदखोई येथे मरण पावला. पुसाच्या त्याच जमिनीवर पुढे 1905 मध्ये इंपीरियल कृषी संशोधन संस्था उभी राहिली. 1934 च्या भूकंपानंतर ती दिल्लीला हलवण्यात आली. दिल्लीत आजही तो परिसर 'पुसा' म्हणूनच ओळखला जातो. देशाच्या कृषिविज्ञानाच्या सर्वांत परिचित पत्त्यामागे घोड्यांची एक पागा आहे, हे आता फार थोड्यांच्या लक्षात असते.

गव्हाणीचा मुद्दा असा. पागेत बांधलेल्या, भरपूर कोंडा खाणाऱ्या घोड्यांना एक चमत्कारिक लंगडेपणा येतो. आज हा पाय, उद्या तो. पुढे चेहऱ्याची हाडे फुगू लागतात. कोंड्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. रक्तातील तोल सावरण्यासाठी गळ्यातील परावटू ग्रंथी हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते, हाडे पोकळ होतात, त्यांना धरून असलेले बंध सुटू लागतात आणि सांधे दुखू लागतात. दळण दळणाऱ्यांच्या घोड्यांना होणारा रोग म्हणून युरोपातही तो ठाऊक होता. 1932 मध्ये फिलिपिन्समध्ये किंटनर आणि होल्ट यांनी या खनिजांच्या असमतोलावर बोट ठेवले. म्हणजे ज्या मालकाने प्रेमाने कोंड्याची पाटी वाढवली, त्यानेच नकळत घोड्याला लंगडे केले होते. सांधा दुखत होता, पण दोष सांध्यात नव्हता.

याहून गहन कोडे होते ते 'कुमरी'चे. बंगाल, आसाम, ब्रह्मदेश आणि सिंहल या पावसाळी, दलदलीच्या प्रदेशांत धडधाकट घोडे अचानक मागच्या भागाने कमकुवत होत. मागचे पाय फरफटत, वळताना तोल जाई, कंबर झोके घेई. काही घोडे हळूहळू सावरत, काही कायमचे अधू होत, काही बसत ते पुन्हा उठतच नसत. फारसीत 'कमर' म्हणजे कंबर. मराठीतील 'कंबर' हा शब्दही त्याच घरातला. दुखणे कंबरेत दिसले म्हणून रोगाचे नाव कुमरी. ओलसर तबेले, गारठा, चारा, अतिश्रम अशी ज्याला जी सुचली ती कारणे सांगितली गेली. कंबरेला डाग दिले गेले, लेप लावले गेले. मेलेल्या घोड्याची चिरफाड केली तर सांधे निर्दोष, हाडे निर्दोष आणि मज्जारज्जूही वरवर पाहता निर्दोष आढळे.

1820 च्या दशकात कोलकात्यात काम करणाऱ्या विल्यम ट्वायनिंग या शल्यवैद्याने एक निबंध लिहिला. त्याचे विषय दोन होते. एक, भारतातील घोड्यांच्या डोळ्यांत आढळणारा दोऱ्यासारखा कृमी. दुसरा, कुमरी हा कंबरेच्या दुर्बलतेचा रोग. घोड्याच्या डोळ्यातील पाण्यात वळवळणारा पांढरा धागा तर कोणालाही नुसत्या नजरेने दिसे. भारतातील पशुवैद्य आजही असा कृमी शस्त्रक्रियेने बाहेर काढतात. डोळ्यातला धागा आणि कंबरेतली दुर्बलता या दोन गोष्टी एकाच निबंधात शेजारी-शेजारी मांडल्या गेल्या होत्या. त्यांच्यामधला दुवा सिद्ध व्हायला मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

दरम्यान देशात पशुवैद्यकाच्या संस्था उभ्या राहिल्या. लाहोरचे महाविद्यालय 1882 मध्ये आणि मुंबईचे 1886 मध्ये सुरू झाले. 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि 1893 मध्ये ती कुमाऊंमधील मुक्तेश्वरला गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तेच. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स याने डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या 'सुर्रा' रोगाचा परजीवी रक्तात शोधून काढला होता. रोगजंतूंच्या विज्ञानातील ते एक मोठे पाऊल होते. पण सुर्राचा परजीवी रक्ताच्या थेंबात दिसे, कुमरीचे कारण कशातच दिसत नसे.

उत्तर आले जपानमधून, आणि तेही मेंढ्या-शेळ्यांच्या मार्गाने. तेथेही या प्राण्यांना मागच्या पायांचा पक्षाघात होई आणि गंमत म्हणजे त्या रोगाचे जपानी नावही कंबरेवरूनच पडलेले होते. 1940 च्या दशकात जपानी संशोधकांनी मेंदू आणि मज्जारज्जू यांचे सलग, एकामागून एक पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तेव्हा ऊतींमध्ये एक अरुंद, नागमोडी नासलेली वाट दिसली आणि काही वेळा त्या वाटेच्या टोकाशी ती वाट करणारा कोवळा कृमीही सापडला. सेटेरिया डिजिटाटा हे त्याचे नाव. ब्रिटिश पशुरोगशास्त्रज्ञ जे. आर. एम. इनेस आणि जपानचे सी. शोहो यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी हे काम इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे ठेवले. 1955 मध्ये इनेस आणि सी. पी. पिल्लै यांनी दाखवून दिले की, सिंहल, भारत आणि ब्रह्मदेश येथील कुमरी म्हणजे हाच रोग.

या कृमीचे खरे घर घोडा नव्हेच, गाय आहे. गाई-बैलांच्या पोटाच्या पोकळीत प्रौढ कृमी निवांत राहतो आणि त्यांना त्याचा फारसा त्रासही होत नाही. त्याची सूक्ष्म पिल्ले गाईच्या रक्तात फिरतात, डास ती उचलतो आणि पुढच्या चाव्यात दुसऱ्या प्राण्यात सोडतो. तो प्राणी गाय असेल तर कृमी आपली नेहमीची वाट धरतो. घोडा, मेंढी किंवा शेळी असेल तर तो वाट चुकतो. भटकत तो कधी डोळ्यात शिरतो, कधी मज्जारज्जूत. मज्जारज्जू हा जाड दोराएवढा आणि त्यातून सबंध मागच्या शरीराचे संदेश जातात. तिथे मिलिमीटरच्या अंशाएवढी वाट खणली गेली तरी पाचशे किलोचा प्राणी कोसळतो. एकच छोटा कृमी, एकच अरुंद वाट. सलग छेद घेतल्याशिवाय तो सापडणे जवळपास अशक्य होते आणि म्हणूनच नुसत्या डोळ्यांना मज्जारज्जू निर्दोष दिसत आला.

घोड्याच्या कंबरेवर डाग देणारे त्या प्राण्याकडे एकटे पाहत होते. रोग मात्र गोठा, डबके आणि तबेला यांच्या शेजारातून येत होता. गाय, डास आणि घोडा यांना एकत्र ठेवून पाहिल्याखेरीज हे कोडे सुटणारे नव्हते.

आज लंगडेपणा मोजण्याची साधने बदलली आहेत. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की मान खाली जाते. हा पारखी लोकांचा जुना नियम आता घोड्याच्या डोक्यावर आणि कमरेवर बसवलेले त्वरणमापक आकड्यांत सांगतात. तशी गरजही आहे. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अनुभवी पशुवैद्यांना सौम्य लंगडेपणाचे घोडे दाखवले, तेव्हा एखादा पाय लंगडा आहे की नाही याबाबत त्यांचे एकमत सुमारे 62 टक्के वेळाच झाले. नाणे उडवून 50 टक्के एकमत होते, हे ध्यानात घेतले की बाजारातील त्या पंधरा-वीस पावलांवर किती विसंबावे ते कळते.

भारतात 1985 पासून हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र काम करते आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी अशा वाणांच्या यादीत आता दख्खनच्या भीमथडी घोड्याचीही स्वतंत्र वाण म्हणून नोंद झाली आहे. वाणांची ही दखल स्वागतार्ह आहे, पण वाण जगवणारी जनावरे झपाट्याने कमी होत आहेत. 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे आणि तट्टे होती. 2019 मध्ये ती सुमारे 3 लाख 40 हजारांवर आली. खेचरे आणि गाढवे यांची घट याहूनही मोठी आहे.

जी उरली आहेत, त्यांतील फार थोडी शर्यतीच्या मैदानावर किंवा लष्कराच्या पागेत आहेत. बाकीची वीटभट्ट्यांवर, टांग्यांना आणि केदारनाथ-वैष्णोदेवीसारख्या यात्रांच्या चढणीवर राबतात. भारतासह पाच देशांतील 4,903 कष्टकरी घोडे, खेचरे आणि गाढवे तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात लंगडेपणा सर्वत्र मोठ्या प्रमाणावर आढळला. शर्यतीच्या घोड्याचा सांधा दुखला तर त्याच्यासाठी क्ष-किरण यंत्र, सांध्यातील इंजेक्शने आणि तज्ज्ञ उपलब्ध असतात. वीटभट्टीवरच्या खेचराला विश्रांतीचा एक दिवस मिळणेही कठीण असते, कारण त्या दिवशी त्याच्या मालकाच्या घरी मजुरी येत नाही. जनावर लंगडे आहे हे त्या मालकाला कळत नाही असे नाही. जनावर थांबवले तर चूल कशी पेटणार, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो.

सालोत्र्याने बोटांनी गाठ चाचपली, मूरक्रॉफ्टच्या पिढीने खुराच्या आत शोध घेतला, कोंड्याने गव्हाणीकडे बोट दाखवले आणि कुमरीने शेजारच्या गोठ्याकडे. दर वेळी दुखण्याचे ठिकाण घोड्याच्या पायापासून थोडे दूर सरकत गेले. वीटभट्टीवरच्या खेचराच्या बाबतीत ते आणखी दूर, मालकाच्या रोजंदारीच्या हिशेबात जाऊन पोहोचते. तिथपर्यंत जाणाऱ्या पशुवैद्यकीय सेवेची आखणी अजून व्हायची आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेतून किती घोडे उरले ते कळेल. त्यांपैकी किती जण लंगडत मोजणीला आले, तो रकाना मात्र पशुवैद्यांनाच भरावा लागेल.